2.3 बार म्हणजे 23 पीएसआय नव्हे!

'उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून' असा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: एक बार म्हणजे दहा पीएसआय (दोन्ही टायरमधल्या हवेचा दाब मोजायची एककं), म्हणून गाडीच्या दारावर 2.3 लिहिलं असेल तर 23 भरा. किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला इतके किलो दाब) आणि बार एकच. कडक उन्हात हवा कमीच ठेवा. आणि नायट्रोजन भरला तर दाब वाढतच नाही. हे वाचून माझ्या काकांनी समृद्धी महामार्गाने नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी पंपावर चारही चाकांची हवा उतरवून घेतली. आता मात्र गप्प बसवत नाही.

पहिलाच मुद्दा सगळ्यांत घातक. एक बार म्हणजे 14.5 पीएसआय. 2.3 ला त्याने गुणा, 33 येतात. दशांश चिन्ह सरकवून भागतं ते किलोपास्कल या दाबाच्या तिसऱ्या एककाला: 2.3 बार म्हणजे 230 किलोपास्कल. पीएसआय हा पौंड आणि इंचांचा हिशेब, तिथे ही सोय नाही.

33 च्या जागी 23 म्हणजे 30 टक्के हवा कमी. अमेरिकेत 2000 साली मुख्यतः फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवरचे सुमारे 65 लाख फायरस्टोन टायर परत मागवावे लागले. फोर्डने सुचवलेली 26 पीएसआयची कमी हवा हा त्या वादातला एक मुद्दा होता. त्यानंतर झालेल्या कायद्यातून नियम आला की हवा शिफारशीपेक्षा 25 टक्के कमी झाली की डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागलाच पाहिजे. 33 च्या गाडीत तो 25 च्या आसपास लागतो. आणि हे महाशय 23 भरायला सांगतात!

हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याची बाजू सतत वाकते आणि रबर आतून तापतं. 120 च्या वेगाने सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास असं चाललं की टायरचे थर सुटायला लागतात. ज्या भीतीने हवा काढली, तेच ओढवून घ्यायचं!

तापलेल्या टायरचा दाब वाढतो, एवढं खरं आहे. 30 अंशांना 33 असलेला टायर 60 अंशांना 37-38 दाखवेल. पण दारावरचा आकडा थंड टायरचा असतो, ही वाढ त्यात धरलेलीच असते. गरम टायरची हवा सोडायची नाही.

नायट्रोजनही तापल्यावर तेवढाच फुगतो. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. तो कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, इतकंच. किलो-बारचं मात्र चालेल: एक किलो म्हणजे 14.2 पीएसआय, टायरपुरता फरक एक पीएसआयचाही पडत नाही.

तर दारावर 2.3 असेल, तर हवावाल्याच्या मीटरवर बार असल्यास 2.3 सांगा, पीएसआय असल्यास 33, किलोपास्कल असल्यास 230. गाडी माणसांनी-सामानाने भरलेली असेल तर त्याचा वेगळा आकडा तिथेच शेजारी असतो, तो घ्या. टायरवर कोरलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, तो भरू नका. आणि ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपवर आजच दुरुस्ती टाका. सुट्ट्यांत लोक गाड्या काढून निघालेत.