इन्हेलर संपायच्या आधी श्वास घेऊन ठेवा

अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी, आणि वीस वर्षं इथे राहूनही तब्येत ठणठणीत असल्यामुळे अडाणीच राहिलेल्या मराठी बांधवांसाठी, या काही सूचना. १ जानेवारी २०२५ ला माझ्या मुलाचा इन्हेलर ‘यादीतून’, म्हणजे विमा ज्या औषधांचे पैसे देतो त्यांच्या यादीतून, गेला. त्याच्या जागी दुसरा हातात पडेपर्यंत अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांत मिळालेलं ज्ञान एकटीने पचवणं बरं नव्हे.

तर पहिली सूचना: आजारी पडायचंच असेल तर डिसेंबरात उरकून घ्या. जानेवारीत डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

दुसरी. औषध डॉक्टर ठरवतात हा गैरसमज सोडा. डॉक्टर बिचारे सुचवतात. ठरवतो तो पीबीएम, म्हणजे फार्मसी बेनिफिट मॅनेजर. हा कोण, असं बाबांनी नाशिकहून फोनवर विचारलं. म्हटलं, अडत्या समजा, विमा कंपनी आणि औषध कंपनी यांच्यामध्ये बसून यादी आणि भाव ठरवणारा. बाबा म्हणाले, “अगं, अडत्यासमोर निदान कांदा तरी ओतलेला असतो. आणि बोली चारचौघांत होते.” बाबांचं बरोबर आहे. इथे बोली बंद दाराआड होते आणि करार गुपित असतो. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांकडून देशातली जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स जातात. तिघांच्या घरात एकेक विमा कंपनी आहे आणि औषधं विकायची दुकानंही आहेत. मांडव त्यांचा, वऱ्हाड त्यांचं, आहेर तेवढा तुमचा.

तिसरी: घरात फॅक्स मशीन घ्या. हसू नका.

चौथी. काउंटरवर किंमत विचारायचं धाडस जरूर करा, पण बीपीची गोळी आधी घ्या. माझी बीपीची गोळी विम्यावर १५ डॉलरला पडते आणि विमा न दाखवता ९ डॉलरला. बाटलीवर बारीक अक्षरात ‘मेड इन इंडिया, गोवा’. गोव्यापासून न्यू जर्सीपर्यंतचा समुद्र ओलांडला त्याचे पैसे ९ मध्ये आले, वरचे ६ माझं विम्याचं कार्ड दाखवल्याबद्दल. २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत तर काही करारांत अशी कलमं होती की रोखीने स्वस्त पडेल हे फार्मासिस्टने आपणहून सांगायचंच नाही. ती बंद करायला संसदेला दोन कायदे करावे लागले. दोन!

पाचवी सूचना: स्वस्त औषध मागू नका, ते महाग पडतं. हे नीट समजून घ्या, मला समजायला वर्ष लागलं. औषध कंपनी पीबीएमला रिबेट, म्हणजे विक्रीनंतर परत दिलेली सूट, देते. बहुतेक वेळा तो छापील किमतीच्या टक्क्यांत असतो. समजा एका औषधाची किंमत १०० आणि त्यावर रिबेट ५०. दुसऱ्याची किंमत ४०, रिबेट शून्य. यादीत कुठलं येईल? बरोबर. आणि डिडक्टिबल भरून होईपर्यंत तुम्ही पैसे कशावर भरणार? १०० वर. ह्युमालॉग इन्सुलिनची किंमत १९९९ मध्ये २१ डॉलर होती, २०१७ मध्ये २७४ च्या वर गेली. इन्सुलिन तेच. फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये या तिघा पीबीएमवर जी तक्रार दाखल केली ती याच रिबेटच्या खेळाबद्दल. आणि रिबेटच्या वाटाघाटी करायला या मंडळींनी आणखी वेगळ्या कंपन्या काढल्या, त्यातली एक स्वित्झर्लंडमध्ये, एक आयर्लंडमध्ये. माझ्या मुलाच्या खोकल्याचा आल्प्स पर्वताशी काय संबंध, हे मला कुणीतरी सांगा.

इन्हेलरचंच बघा. २०२४ उजाडताना फ्लोव्हेंट हा दम्याचा इन्हेलर बंद झाला. त्याच औषधाचा, फक्त ब्रँडचं नाव नसलेला इन्हेलर बाजारात होता. पण कित्येक याद्यांत तो नव्हता, आमच्याही नव्हता. मग बदलून दुसरा दिला. तो वापरायची पद्धत वेगळी. सहा महिने लागले पोराला दम धरून ओढायला शिकायला. शिकला, आणि २०२५ च्या जानेवारीत तोही यादीबाहेर! तोच मिळावा म्हणून डॉक्टरांनी पीबीएमला फॅक्स केला. मिळाला नाही म्हणाले. पुन्हा केला. मिळाला, पण फॉर्म जुना. मग फोनवरची बाई गोड आवाजात म्हणते, आधी यादीतलं औषध वापरून बघा, त्याने गुण आला नाही तर अपील करा. नऊ वर्षांच्या मुलाला गुण आला नाही म्हणजे काय होतं, माहीत आहे का बाई तुम्हाला? रात्री दोन वाजता तो उशीला टेकून बसतो आणि बोलता येत नाही म्हणून बोटांनी सांगतो.

सहावी: पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, लाडू नकोत, मेडिकलमधून आण.

सातवी: सरकारवर भरवसा ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून खर्चाच्या विधेयकात पीबीएमच्या सुधारणा घातल्या होत्या. त्यात मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, पीबीएमची कमाई औषधाच्या किमतीपासून तोडण्याची तरतूद होती. इलॉन मस्क यांनी दिवसभर विधेयकावर आग पाखडली, १५४७ पानांची ११८ झाली, आणि गेलेल्या पानांत ही पानं गेली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच ट्रेड कमिशनचा अहवाल आला: तिघांच्या स्वतःच्या दुकानांनी कॅन्सर, एचआयव्हीसारख्या आजारांच्या जेनेरिक औषधांवर २०१७ ते २०२२ या काळात खरेदीच्या अंदाजित खर्चापेक्षा ७.३ अब्ज डॉलर जास्त मिळवले. कॅन्सरच्या जेनेरिक औषधांवर! लाज वाटायला हवी. एक ठरावीक फी घ्या ना, कोण नको म्हणतंय? टक्केवारी कशाला? आणि रिबेट मिळत असेल तर तो काउंटरवर, माझ्या पावतीत, आजाऱ्याच्या हातात द्या.

आणि तुम्हीही ऐका. परवा मित्रमंडळींत हे सांगत होते तर एकजण म्हणाला, “आमचा प्लॅन छान आहे गं, हप्ता किती कमी!” कमी का आहे, विचारलंस कधी? रिबेटचा जो काही भाग पीबीएम सोडतो तो तू नोकरी करतोस त्या कंपनीकडे जातो, आणि त्यातून सगळ्यांचा हप्ता थोडाथोडा उतरतो. म्हणजे ज्याला औषध लागतं तो पूर्ण किंमत मोजतो, आणि ज्याला लागत नाही त्याला सवलत. विमा म्हणजे याच्या उलट असतं ना रे? तुझे महिन्याचे जे चार डॉलर वाचतात, ते माझ्या पोराच्या इन्हेलरचे आहेत.