काळ्या मातीत दोन घमेली वाळू? थांबा जरा

‘बागेत पाणी तुंबतंय? दोन घमेली वाळू मिसळा,’ हा निरोप पावसाळा लागला की व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. काळ्या चिकणमातीत हा उपाय बहुधा अंगाशी येतो.

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असतो. वाळू थोडी असली तर तिच्या खड्यांमधल्या फटी हीच माती बुजवते आणि वाळल्यावर ढेकूळ विटेसारखं टणक होतं. खरा फरक पडायला मिश्रणात निम्मी वाळू लागते. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्यात फूटभर खोलीला अर्धा ब्रास, म्हणजे पन्नास घनफूट! वाळूचा आजचा भाव ऐकूनच कुणी त्या वाटेला जाणार नाही.

त्यापेक्षा कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं कंपोस्ट दरवर्षी घाला. मातीची कणरचना रवाळ होते. वाफे वीतभर उंच करा, उताराकडे चर काढा. आणि माती ओली असताना कुदळ अजिबात नको, ती आणखी घट्ट बसते.

जिप्सम या खनिजाच्या भुकटीचाही असाच बोलबाला आहे. ते सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीचं औषध आहे; माती तपासल्याशिवाय पैसे घालवू नका.