सगळं खापर हिस्टामिनवर कशाला?

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय: ‘नाकाची ॲलर्जी म्हणजे कमी झालेली प्रतिकारशक्ती. सगळा खेळ हिस्टामिनचा. सेटिरिझिननं नाक मोकळं झालं नाही, तर ती ॲलर्जीच नव्हे. स्प्रे मात्र नको, स्टेरॉइडची सवय लागते.’

प्रतिकारशक्तीचं आधी उरकून टाकू. ती कमी झालेली नसते. निरुपद्रवी गोष्टींवर उगाच तुटून पडत असते. तिला आणखी ‘बूस्टर’ पाजून काय साधणार, ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

हिस्टामिनचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. दिवाळीआधी माळा झाडायला घेतला की काय होतं? काही मिनिटांत शिंकांवर शिंका, नाकात खाज, पाण्याची धार. धुळीतल्या माइट्स या सूक्ष्म जीवांची प्रथिनं नाकातल्या मास्ट नावाच्या प्रतिकारपेशींवर बसलेल्या आयजीई प्रतिपिंडांना चिकटतात आणि पेशींत साठवलेलं हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं. ते चेतातंतूंना डिवचतं. इथवर हिस्टामिनला अडवणारी सेटिरिझिनची गोळी उत्तम. पण त्याच पेशी ल्युकोट्राइन्स आणि प्रोस्टाग्लँडिन डी-2 ही आणखी रसायनं ताजी बनवू लागतात. रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं, नाक चोंदतं. त्यातच इंटरल्युकिन-5 सारखी निरोप्या रसायनं इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची कुमक बोलावतात. तिला पोचायला काही तास लागतात. म्हणून सकाळी झाडू ठेवला, अंघोळ झाली, तरी संध्याकाळी नाक बंद!

तेव्हा गोळीनं शिंका थांबल्या आणि नाक चोंदलेलंच राहिलं, तर ॲलर्जी नाही असं ठरत नाही. सूज हिस्टामिनपलीकडची आहे, एवढंच.

ती सूज उतरवतो तो नेमका बदनाम झालेला स्प्रे. त्यातली मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनसारखी स्टेरॉइडं ही सगळी साखळीच मंदावतात आणि नेहमीच्या मात्रेत रक्तात फारच थोडी उतरतात. पूर्ण गुण यायला मात्र काही दिवस जातात. दोन दिवसांत बाटली कपाटात टाकणारे बरेच. फवारा मधल्या पडद्यावर नव्हे, बाहेरच्या बाजूला मारायचा, नाहीतर नाकातून रक्त येऊ शकतं. सवय लागते ती वेगळ्याच बाटलीची: नाक झटकन मोकळं करणाऱ्या ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनच्या थेंबांची. ते पाच दिवसांपुढे ओढले की थेंबांमुळेच नाक चोंदू लागतं.

आणि ल्युकोट्राइन्सचं नाव वाचून कुणी मेडिकलमध्ये परस्पर त्यांना अडवणारं मॉन्टेलुकास्ट मागू नये. मनावरच्या दुष्परिणामांमुळे, त्यांत आत्महत्येचे विचारही आले, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नाकाच्या ॲलर्जीत इतर औषधं लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील, तरच ते द्यावं असंही सांगितलं.