चढणीचा मासा वर जाऊ द्या

रविवारी दोस्तांबरोबर करवीर तालुक्यातल्या एका तलावावर गळ टाकून बसलो होतो. तंगूस, गांडुळं, मळलेली कणिक, सगळा सरंजाम होता. ऊन उतरेपर्यंत हाताला लागल्या त्या तळहाताएवढ्या चिलाप्या (तिलापिया). मरळ नाही, खवली नाही, शिंगाळा नाही. एक दोस्त वैतागून म्हणाला, "मर्दा, ह्या तळ्यात आता मासाच राहिला नाही."

राहिलाय की, पण नुसती चिलापी. आणि त्याचं कारण जूनमधल्या ओढ्यात आहे.

मृगाचा पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन वाहायला लागले की पोटात अंडी घेऊन मासा वर चढतो, पार भाताच्या खाचरापर्यंत. आणि आपण नेमकं तेव्हाच ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं लावतो. कुठं कुठं तर चक्क मच्छरदाणी! आता बॅटरीचा करंट सोडणारेही आलेत. त्यात मोठ्या माशाबरोबर बोटाएवढं पिल्लूसुद्धा उताणं होतं. पाण्यात सुरुंग लावायला आणि विष कालवायला १८९७ च्या मासेमारी कायद्यापासूनच बंदी आहे. करंट ह्याहून वेगळा कुठं आहे?

मरळीचं तर फारच वाईट वाटतं. ती काठच्या गवतात वीण घालते, आणि पिलांच्या लालसर थव्याभोवती आईबाप राखण करत फिरतात. तो थवा दिसला की लोक तिथंच गळ टाकतात. राखणारा गेला की पिलं इतर माशांच्या तोंडी.

चिलापीला ओढा लागतच नाही. १९५२ साली बाहेरून भारतात आणलेला हा मासा. मादी अंडी तोंडात सांभाळते, तळ्यातच वर्षातून अनेकदा विते. म्हणून ती उरली. रोहू, कटला साचल्या पाण्यात वीत नाहीत, त्यामुळं माशाचं बीज, म्हणजे बारकी पिलं, सोडावं तेवढेच मिळतात.

तिकडं अलास्कात सामन मासा समुद्रातून नदीत चढतो. काही नद्यांवर मनोरे उभारून वर जाणारा मासा मोजतात आणि त्या आकड्यावरून जाळी कधी टाकायची ते ठरवतात. आपल्याला मनोरे नकोत. ओढा मोकळा ठेवला तरी पुष्कळ झालं.

दोस्त म्हणाला, "गरीब माणूस वर्षातून एकदा गाबोळी, माशाची अंडी, खातो, त्याच्या ताटात कशाला हात घालतोस?" मला हे पटत नाही. वर्षभर तळ्यावर पोट असणाऱ्याचंच जाळं दिवाळीत रिकामं येतं. गाडी घेऊन मजेखातर करंट मारायला येणाऱ्याचं काही जात नाही.

पहिल्या पावसापासून महिनाभर ओढ्यात जाळं नको आणि करंट तर बाराही महिने नको, एवढा ठराव आमच्या ग्रामसभेत मांडणार आहे. तळ्यात गळ टाकायला कुणाची ना नाही. तुमच्या गावात असा ठराव झाला असेल तर त्याचा मजकूर मला पाठवा.