'घाई नाही, सवडीने एक नजर टाका'

गेल्या महिन्यात या एका ओळीखाली एक फाइल आली. उघडली तर ८० हजार शब्दांची कादंबरी. संपादनाच्या कामात साधारण २५० शब्दांचं एक पान धरतात, त्या हिशेबाने ३२० पानं.

नजर टाकायला किती वेळ लागतो ते एकदा मांडतेच. मिनिटाला २०० शब्द या वेगाने नुसतं वाचलं तरी पावणेसात तास. पण अभिप्राय द्यायचा तर एका वाचनात भागत नाही. पहिल्यांदा साधा वाचक होऊन वाचायचं, कुठे रमलो आणि कुठे पान उलटायची घाई झाली एवढंच टिपायचं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. निवेदक मध्येच का बदलला? तिसऱ्या प्रकरणात वारलेली आत्या अकराव्यात पत्र कशी लिहिते? मधली शंभर पानं नक्की कुणाची गोष्ट सांगतात? इथे वेग निम्म्यावर येतो. मग टिपणं जुळवून सहा पानं लिहायची, तीही अशी की खरं पोचेल पण लिहिणारा लिहिणं सोडणार नाही. माझं सगळ्यात जास्त डोकं यातच जातं. झाले २५ तास. समोरच्याला दिसतात ती सहा पानं, म्हणून त्याला वाटतं, सहा पानांचे एवढे पैसे?

आपला 'मानधन' हा शब्दही मला अलीकडे खटकतो. त्यातला मान आधी भरभरून मिळतो ('तुमच्यासारख्या जाणकार व्यक्तीने वाचावं...') आणि धनाचा विषय काढला की आपणच हावरट ठरतो. मी आता 'फी' म्हणते. रुक्ष आहे, पण गैरसमज होत नाहीत.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. फुकटच्या अभिप्रायात मी अनेकदा खोटं बोलले आहे. उपकार म्हणून वाचलेल्या लिखाणाबद्दल कडू बोलून संबंध कशाला बिघडवा? मग 'छान जमलंय, शेवटाकडे थोडं बघा' असं लिहून मोकळं व्हायचं. खरं तर शेवटापर्यंत मी पोचलेलेच नसायचे. फी घेतली की ही पळवाट बंद होते. ती फी कौतुकाची नसते, त्यामुळे अभिप्राय आवडला नाही म्हणून उरलेले पैसे अडवणं चालत नाही. मीही वरवर चाळून सुटू शकत नाही.

सल्लामसलतीत तर आणखी गंमत. एकदा एका मालिकेच्या कथेसाठी 'पंधरा मिनिटं बोलू' म्हणून बोलावलं. दीड तास बोललो. नायिका घर का सोडत नाही, हा त्यांचा अडलेला प्रश्न तिथेच सुटला. उठताना एकजण म्हणाला, "हे आमच्याही डोक्यात होतंच." त्यानंतर ना फोन, ना मेल. गरज सरो, वैद्य मरो! कागद परत मागता येतो, बोललेलं कसं मागणार? आणि उत्तर एकदा ऐकलं की ते ऐकणाऱ्याला आपलंच वाटायला लागतं. त्यामुळे सल्ल्याचे पैसे तोंड उघडण्याआधी ठरायला हवेत.

हे मागणं काही जगावेगळं नाही. न्यूयॉर्क शहरात २०१७पासून फ्रीलान्सरांसाठी, म्हणजे नोकरी न करता सुटी कामं घेणाऱ्यांसाठी, कायदा आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला लेखी करार लागतो, आणि पैशांची तारीख ठरलेली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. अमेरिकेतली एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशन ही संघटना कामागणिक दरांचा तक्ता उघडपणे प्रसिद्ध करते. आपण एकमेकांना दर विचारतानासुद्धा आवाज खाली आणतो.

नवख्याकडे पैसे नसतात, मान्य. त्याने पहिली वीस पानं द्यावीत, तेवढ्याचीच फी द्यावी. लिखाणातल्या बहुतेक खोडी तिथेच दिसतात. दोन लिहिणाऱ्यांनी एकमेकांचं वाचलं तर तो चोख व्यवहारच. मीही काहींचं फुकट वाचते, पण कुणाचं ते मी ठरवते. संस्था मात्र 'नमुन्यादाखल एक अभिप्राय लिहून दाखवा' म्हणाली की मी जुना अभिप्राय, लेखकाला विचारून आणि नावं काढून, पाठवते.

तर ती कादंबरी. मी दर कळवला. अर्धे आधी, अर्धे अभिप्राय पोचल्यावर, त्यानंतर शंकांची एक फेरी. चार दिवस शांतता. मला वाटलं, गेले हे. पाचव्या दिवशी अर्धे पैसे आले. मी वाचलं आणि लिहिलं, पहिली ६० पानं काढली तर कादंबरी सुरू होते. पुन्हा शांतता, या वेळी आठवडाभर. काल उरलेले पैसे आले, सोबत एक ओळ: "साठ की त्रेपन्न? चोपन्नाव्या पानावरची आजी मला ठेवायची आहे."

शंकांची फेरी ठरलेलीच होती. फाइल पुन्हा उघडली आहे.