सर्वांत उंच चर्च बांधायचंय? मग बोव्हेला जा

फ्रान्समध्ये भव्य कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, बांधायचं तुमच्या मनात पक्कं झालं असेल, तर शार्त्र शहरातलं वगैरे बघत बसू नका. तिथली कामं पुरी झालीत, त्यातून काय शिकणार? थेट पॅरिसच्या उत्तरेला, बोव्हेला जा.

आधी शेजाऱ्यांकडे बघा. आम्यें शहरवाल्यांनी १२२० मध्ये त्यांच्या कॅथेड्रलचं काम काढलं ना? मग आपण १२२५ मध्ये काढायचं. त्यांचं छत ४२ मीटरवर थांबलं? आपलं ४८ वर न्यायचं. १२७२ मध्ये वेदीकडचा भाग उभा राहिला, बिशपसाहेबांची मान ताठ झाली. १२८४ मध्ये छताचा मोठा भाग खाली आला. का आला, यावर जाणकार अजून वाद घालतात; तुम्ही त्यात पडू नका. दोन खांबांच्या मधे आणखी एक खांब घुसवा आणि उंची तीच ठेवा. माघार घ्यायची नाही म्हणजे नाही.

मग शंभर वर्षांच्या युद्धाने काम रखडलं. अशी कारणं देव देतो, ती जपून वापरा. क्रॉसच्या आकाराच्या इमारतीतल्या आडव्या बाजूंचं काम निघायला १५०० साल उजाडलं.

आता मुख्य सल्ला. पैसे हातात आले, की सभामंडप बांधायचा मोह होईल. भाविक तिथेच उभे राहणार, शिवाय आडव्या-उभ्या बाजू मिळतात त्या मधल्या चौकाच्या खांबांना पश्चिमेकडून आधारही मिळणार. असल्या किरकोळ फायद्यांना भुलू नका. आधी कळस, मग पाया! बोव्हेकरांनी चौकावर मनोरा चढवला, क्रॉससकट १५३ मीटर. चारांपैकी पश्चिमेकडच्या दोन खांबांना त्या बाजूने टेकायला काही नव्हतं. तपासायला आलेल्या गवंड्यांनी हे सांगितलंही. तज्ज्ञांचं ऐकून घ्यावं, चहापाणी विचारावं आणि चर्चा लांबवावी. १५६९ मध्ये पुरा झालेला मनोरा ३० एप्रिल १५७३ रोजी, ऐन येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी कोसळला. मिरवणूक नुकतीच बाहेर पडली होती, म्हणून माणसं वाचली. थोडक्यात, मुहूर्त चांगला काढावा.

सभामंडपाचं पुढे काय झालं? त्याचा एक खण झाला आणि पैसे संपले. बाकीच्या जागेवर दहाव्या शतकातलं जुनं, बुटकं चर्च अजून उभं आहे. छोट्या छोट्या दगडांच्या भिंती, साधं छप्पर. ते पाडूनच नवा सभामंडप व्हायचा होता. नाही झाला, म्हणून म्हातारं टिकलं.

देखभालीचंही बोव्हेकरांकडूनच शिका. बाहेरच्या टेकूंना एकमेकांशी बांधणाऱ्या जुन्या लोखंडी सळ्या १९६० च्या दशकात काढून टाकल्या. म्हणे शोभत नाहीत, गरजही नाही. मग वाऱ्याने इमारत जास्तच डोलायला लागली, तेव्हा पोलादी सळ्या बसवल्या. त्या लोखंडापेक्षा ताठ, त्यामुळे नव्या भेगांचा संशय त्यांच्यावरच. आत आता लाकडी टेकूही लागलेत. ते दिसायला बरे नाहीत, तेवढे काढून टाकायचं तुमच्या यादीत घ्या.