साडेसाती नसलेल्या माणसाची अंगठी

सोलापुरात पुरुषमाणसाच्या बोटात निळा खडा दिसला की त्याचा अर्थ एकच, शनी मागं लागलाय. आवडली म्हणून अंगठी घातली, असं काही असतं हे इथं कुणी मानायलाच तयार नाही. चहाच्या गाड्यावर ग्लास धरला की शेजारचा आधी बोटाकडं बघतो, मग तोंडाकडं, आणि मग दवाखान्यात विचारतात तसा आवाज खाली आणून म्हणतो, "कुंभ का मीन?" त्यात अंगठी मधल्या बोटात, कारण दुसऱ्या बोटात ती ढिली होते, पण मधलं बोट शनीचं म्हणे, म्हणजे पुरावा मीच दिल्यासारखा झाला.

अहो पण तो नीलम नाहीच, ब्लू झिरकॉन आहे. हे सांगितलं की दुसरं प्रकरण सुरू. "म्हणजे अमेरिकन डायमंड म्हणा की!" नाही ओ, तो क्युबिक झिरकोनिया, कारखान्यात बनतो, हा जमिनीतनं निघतो. जॅक हिल्स म्हणून ऑस्ट्रेलियात एक जागा आहे, तिथला झिरकॉनचा एक बारीक कण 440 कोटी वर्षांचा निघाला, पृथ्वीवर त्याच्याहून जुनं खनिज अजून सापडलेलं नाही. हे मी एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांना अगदी रंगून सांगितलं तर ते शेंगा चटणी पुढं ओढत म्हणाले, "जुना माल आहे, मग कमी करून दिला असेल."

खरी गंमत निळ्या रंगाची आहे. निळे झिरकॉन मुख्यतः कंबोडियातल्या रतनकिरी भागातनं येतात, पण खाणीतनं निघताना ते तपकिरी, लालसर तपकिरी असतात. मग प्राणवायू कमी ठेवून त्यांना हजारेक डिग्रीपर्यंत भाजतात तेव्हा कुठं हा समुद्री निळा उतरतो. आम्ही सोलापूरकर 44 डिग्रीतच वांग्याच्या रंगाचे होतो आणि हा हजार डिग्रीत उजळून निघतो, ह्याला नशीब म्हणायचं. पण त्यातले काही खडे कडक उन्हात फार वेळ राहिले तर परत तपकिरीकडं झुकतात असं कळलं, तेव्हापासनं मे महिन्यात माझा एक हात खिशात असतो आणि बायको म्हणते, "भाजीची पिशवी काय मी एकटीनंच धरायची का?"

एकदा सराफ कट्ट्यावर कडी सैल करायला गेलो. दुकानातल्या पोरानं भिंग लावलं, बघितलं, भिंग शर्टाला पुसलं, परत बघितलं आणि आतल्या माणसाला हाक मारली, "मालक, डबल दिसायलंय बे!" तर ती ह्या खड्याची खासियतच आहे. वरच्या सपाट पैलूतनं तिरकं आत बघितलं की मागच्या पैलूंच्या कडा एकाला दोन दिसतात, कारण आत शिरलेला उजेड फुटून दोन वाटांनी जातो. हिऱ्यात किंवा त्या क्युबिक झिरकोनियात तसं दिसत नाही. मालकांनी पण बघितलं, मान हलवली, आणि ट्यूबलाइट सोडून खडा दाराच्या उन्हात धरला, तसे त्यातनं लाल-केशरी ठिणग्या सुटल्या. ही आग हिऱ्याच्या अगदी जवळपास जाते, त्यासाठीच तर मी हा घेतला. दोन मिनिटं कुणी राशीबद्दल बोललं नाही. मग मालकांनी विचारलं, "गुरुजींनी किती रत्तीचा सांगितला होता?"

आता नाजूकपणाचंही सांगतो. खडा बऱ्यापैकी कठीण आहे, पण पैलूंच्या कडा ठिसूळ, एकमेकांवर घासूनसुद्धा झिजतात, म्हणून पूर्वी व्यापारी एकेक खडा वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवायचे. इथं तर आपल्या रस्त्यांची धूळ आहे! गाडीवरनं आलो की मी आधी अंगठी धुतो मग तोंड, आणि ते बघून आईला वाटतं पोरगं उपासना करतंय.

शेजारच्या अण्णांना मात्र खरोखरची साडेसाती चालू आहे. त्यांनी परवा जिन्यात गाठून सगळं नीट ऐकून घेतलं, किंमत विचारली, नीलमाची आठवली, आणि बराच वेळ माझं बोट धरून उभे राहिले.

"शनीला फरक कळतोय काय ओ?"

मी म्हणलं, "ते काय माहीत नाही अण्णा, पण तेवढ्याच आकाराच्या नीलमापेक्षा हा वजनाला जास्त भरतो."

"मग चालतंय की!"